निविदेची भाषा आणि विद्युत्-उपकेंद्रांतील एक वायू

विद्युत्-पारेषणाच्या इतिहासात यंत्रांची आणि संशोधकांची नोंद विपुल आढळते. खरेदीच्या कागदपत्रांची मात्र क्वचितच. वस्तुतः उपकेंद्रात कोणते यंत्र उभे राहावयाचे, हे पुष्कळदा प्रयोगशाळेत न ठरता निविदेच्या तांत्रिक विनिर्देशात ठरते. सल्फर हेक्झाफ्लुओराइड या वायूचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

हा वायू 1900 साली पॅरिस येथे आंरी म्वासाँ व पॉल लबो यांनी प्रथम तयार केला. तो रंगहीन, गंधहीन व अज्वलनशील असून उत्तम विद्युत्-निरोधक आहे. सर्किट ब्रेकर उघडताना उद्भवणारी ठिणगी विझविण्यास त्याच्या तोडीचे द्रव्य दुसरे नव्हते. तत्पूर्वी या कामी तेल वापरीत, त्यास आगीचे भय असे. संपीडित हवा वापरीत, तिचा आवाज कर्णकर्कश होई. 1950 नंतरच्या दशकात हा वायू स्विचगिअरमध्ये आला आणि पुढील दशकाच्या अखेरीपासून संपूर्ण उपकेंद्रच वायुभरित धातुकोशात बसविण्याची पद्धती रूढ होऊ लागली. महानगरांतील जागेचा भाव पाहता ती सर्वत्र पसरली यात नवल नाही. गळालेल्या वायूचे पुढे काय होते, असे त्या काळी कोणी विचारले नाही. विचारण्याचे कारणही दिसत नव्हते.

ते कारण 1995 साली पुढे आले. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या दुसऱ्या अहवालात या वायूची तापनक्षमता, शंभर वर्षांच्या मुदतीत, कार्बन डायऑक्साइडच्या 23,900 पट धरली होती. 2021 च्या अहवालात ती 24,300 पट आहे. 1997 च्या क्योतो कराराने ज्या सहा वायूंवर वा वायुगटांवर बंधन घातले त्यांत याचा समावेश झाला. तथापि त्याचा वापर थांबला नाही. स्विचगिअरचे आयुष्य सुमारे चाळीस वर्षांचे. नव्या, अल्पपरिचित यंत्राच्या भरवशावर शहराचा वीजपुरवठा सोपविण्यास कोणता अभियंता सहजी तयार होईल? खरेदीदार उत्पादकाची वाट पाहात होता आणि उत्पादक खरेदीदाराची. जेथे विनिर्देशात वायूचे नावच लिहिलेले असे, तेथे पर्याय घेऊन येणारा उत्पादक दारातूनच परत जाई.

अशा विनिर्देशातील एका आकड्याचे मोल किती, हे साध्या गणिताने स्पष्ट होते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार वायुभरित उपकेंद्रात वर्षाकाठी 0.5 टक्क्यापर्यंत गळती क्षम्य आहे. एखाद्या उपकेंद्रात 1,000 किलोग्रॅम वायू असेल, तर ही गळती 5 किलोग्रॅम, म्हणजे सुमारे 121 टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीची होते. खरेदीदाराने तेथे 0.1 टक्का लिहिल्यास ती 24 टनांवर येते.

परंतु पर्यावरणाची अट घालण्याचा अधिकार खरेदीदारास आहे काय? हेलसिंकी शहराने बसगाड्यांच्या निविदेत धूर व आवाज कमी असल्यास गुण देऊ केले होते. 2002 साली युरोपीय न्यायालयाने तत्त्वतः ते ग्राह्य ठरविले. त्याहून बोधक निकाल 2003 चा. ऑस्ट्रियात केर्न्टन प्रांतातील शासकीय कार्यालयांसाठी वीज खरेदी करताना पुनर्नवीकरणीय ऊर्जेस 45 टक्के भार दिला होता. एवढ्या भारास न्यायालयाने हरकत घेतली नाही. तथापि पुरवठादाराचे कथन पडताळण्याची सोयच नसल्याने, आणि कार्यालयांच्या गरजेहून अधिक विजेवर गुण ठेवल्याने, तो निकष अग्राह्य ठरला. येथे शब्दाकडे लक्ष जाते. ‘निविदा’ व ‘निवेदन’ हे दोन्ही शब्द ‘विद्’, जाणणे, या धातूपासून आले. ‘टेंडर’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थ मात्र पुढे पसरणे. नुसते पुढे केलेले पुरेसे नाही, ते जाणता आले पाहिजे, असाच जणू त्या निकालाचा आशय होता.

2014 च्या युरोपीय खरेदी-निर्देशाने प्रदूषणाचा खर्चही, तो मोजता व पडताळता येत असेल तर, यंत्राच्या आजीवन खर्चात धरण्यास मुभा दिली. पुढील वर्षी झुरिचमधील ओर्लिकोन येथे पर्यायी वायूचे स्विचगिअर बसले. 2017 साली इंग्लंडमध्ये केंट परगण्यातील सेलिंज येथे 420 किलोव्होल्टची तशी वाहिनी चालू झाली. हे पर्यायी मिश्रणही फ्लुओरिनयुक्तच होते. त्यातील मुख्य घटक पुरविणाऱ्या 3एम कंपनीने डिसेंबर 2022 मध्ये, 2025 अखेर असे पदार्थ बनविणे बंद करण्याचे जाहीर केले. ज्या विनिर्देशात पदार्थाचे नाव होते त्याची अडचण झाली. ज्यात केवळ तापनक्षमतेची मर्यादा होती, त्यास शुष्क हवा व निर्वात खंडक यांचा मार्ग मोकळा राहिला. दोहोंतील दुसरी रीतच शहाणपणाची म्हणावी लागेल.

युरोपीय संघाच्या 2024 च्या नियमाने हीच रीत बव्हंशी स्वीकारली. 24 किलोव्होल्टपर्यंतच्या नव्या स्विचगिअरमध्ये फ्लुओरिनयुक्त वायूंना 1 जानेवारी 2026 पासून मनाई झाली. 145 किलोव्होल्टहून अधिक दाबाच्या यंत्रांना 2032 पर्यंत मुदत आहे. या नियमास एक अपवाद जोडला आहे: रीतसर खरेदी-प्रक्रिया करूनही योग्य यंत्राची एकही निविदा आली नाही, तर 1,000 हून कमी तापनक्षमतेचा वायू चालेल. म्हणजे विनिर्देश इतका अरुंद लिहावा की कोणीच येऊ नये, ही पळवाट खरेदीदाराच्या लेखणीतच राहिली आहे. जुन्या यंत्रांतील वायू मात्र आहे तेथेच राहणार असून, 2035 पासून त्यांच्या दुरुस्तीस केवळ पुनःशुद्ध केलेला वा पुनर्वापराचा वायूच भरता येईल.