पायलीवरची शीग : वर्ध्याच्या अभ्यासक्रमापासून लीलावतीपर्यंत

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने त्याच वर्षीच्या डिसेंबरात सात वर्षांच्या मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा सादर केला. नई तालीम म्हटले की टकळी आणि चरखा आठवतात. गणिताचे पान सहसा कोणी उघडत नाही. त्या पानावर साध्या चार क्रियांच्या लगेच पुढे मिश्र परिमाणांच्या चार क्रिया येतात. मग अपूर्णांक, त्रैराशिक, व्याज, मापनाची मूलतत्त्वे आणि हिशेबलेखन. उद्योगात, घरात आणि गावात प्रत्यक्ष उद्भवणारी उदाहरणे मुलाला झटपट सोडवता यावीत, हा समितीचा हेतू होता.

मिश्र परिमाणांना एवढा मान का मिळाला, हे कळण्यासाठी त्या काळचे धान्याचे कोष्टक समोर ठेवावे लागते.

पुणे भागात प्रचलित असलेले कोष्टक असे: दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. आता ३ मण ७ पायल्या ३ शेर ज्वारीत २ मण ८ पायल्या २ शेर मिळवा. शेर होतात ५, म्हणजे १ पायली आणि १ शेर. पायल्या होतात १६, म्हणजे १ मण आणि ४ पायल्या. उत्तर ६ मण ४ पायल्या १ शेर. हातचा कधी चाराला येतो, कधी बाराला, कधी विसाला. दहाची सवय येथे उपयोगाची नाही.

खरी अडचण मात्र हातच्याची नव्हतीच. वरचा मण मापाचा आहे, म्हणजे घनफळाचा. त्यात ४८ शेर बसतात. वजनाचा मण ४० शेरांचा. शब्द एक, शेरही दोन्हीकडे, पण एक जागा मोजतो आणि दुसरा भार. शिवाय पायलीभर चणे आणि पायलीभर ज्वारी यांचे वजन सारखे भरत नाही, आणि पायलीही गावागणिक बदले. विदर्भात पायलीच्या वर कुडव, बोलीत कुडो, हे माप चाले. त्याचा हिशेब पुण्याच्या कोष्टकात शोधून सापडणार नाही. वर्धा जिल्ह्यात तर ज्वारी मापाने आणि कापूस वजनाने. ज्वारीची खंडी हे घनफळ. मुंबईच्या बाजारातली कापसाची खंडी म्हणजे ७८४ पौंड वजन. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एकोणिसाव्या शतकात परदेशी बाजारांपर्यंत पोहोचले होते, पण तो पिकवणाऱ्याच्या घरात एकाच शब्दाचे दोन अर्थ एकाच हंगामात वापरावे लागत.

मापात पाप हा शब्दप्रयोग भाषेत उगाच रुजलेला नाही. मात्र हे पाप करायला माप खोटेच असावे लागते असे नाही. खऱ्या पायलीनेही ते साधते, आणि त्याचे साधन म्हणजे शीग.

पायली काठोकाठ भरून वर हात फिरवला की ते सपाट माप. धान्य मावेल तितके वर रचू दिले की काठावर शंकू उभा राहतो; तीच शीग, जिच्यावरून शिगोशीग हा शब्द आला. या शंकूत किती धान्य असते? उत्तरासाठी आठ शतके मागे, ११५० च्या सुमारास रचलेल्या लीलावतीकडे जावे लागते.

भास्कराचार्यांनी या ग्रंथात राशिव्यवहार असे स्वतंत्र प्रकरण ठेवले आहे. सपाट भूमीवर ओतलेल्या राशीची उंची जाड धान्यात परिघाच्या दहाव्या, बारीक धान्यात अकराव्या आणि कुसळाच्या धान्यात नवव्या भागाइतकी असते, असा त्यांचा नियम आहे. परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करून उंचीने गुणले की घनफळ मिळते. येथे परिघ व्यासाच्या तिप्पट धरला आहे. खळ्यावर एवढी सूक्ष्मता पुरते. ६० हात परिघाच्या जाड धान्याच्या राशीची उंची ६ हात, आणि घनफळ १० गुणिले १० गुणिले ६, म्हणजे ६०० घनहात.

हाच नियम पायलीला लावून पाहू. तोंड १२ अंगुळे रुंद, खोली १२ अंगुळे. त्याच स्थूल रीतीने पोटातले घनफळ १२९६ घन अंगुळे. परिघ ३६, शिगेची उंची ३.६, तिचे घनफळ १२९.६. नेमका दहावा भाग! सपाट मापाने उसने दिलेले धान्य कोणी शिगेच्या मापाने परत घेतले, तर बारा पायल्यांच्या मणामागे एक पायली आणि वर जवळजवळ एक शेर जास्त येतो, तोही व्याजाचा उल्लेख न करता. पायलीचे पोट तेवढेच ठेवून ती उथळ आणि रुंद घडवली, खोली व्यासाच्या निम्मी केली, तर शीग पाचव्या भागावर जाते. तपासनिसाने पाणी भरून माप पाहिले, तरी ते बिनचूकच ठरेल.

खड्ड्याच्या गणितात याहून साधा सापळा आहे. २४ अंगुळांचा एक हात. धान्य साठवण्याचे पेव ३ हात १२ अंगुळे लांब, २ हात रुंद आणि १ हात ६ अंगुळे खोल असेल, तर साडेतीन गुणिले दोन गुणिले सव्वा, म्हणजे पावणेनऊ घनहात. हा पाऊण घनहात म्हणजे १८ घन अंगुळे नव्हेत. घनहातात २४ चा घन, १३,८२४ घन अंगुळे असतात. पाऊण म्हणजे १०,३६८. लीलावतीत एक घनहात म्हणजे एक मागधी खारी आणि खारीचे १६ द्रोण, म्हणून उत्तर सुटसुटीत येते: ८ खारी १२ द्रोण. त्याच कोष्टकाच्या तळाशी कुडव आहे, द्रोणाचा चौसष्टावा भाग. विदर्भातला कुडव मात्र पायलीच्या वर जाऊन बसला.

या विद्येला बाजारानेच पोसले, हेही शिलेवर कोरलेले आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. शके ११२८ च्या तेथील शिलालेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे, आणि त्यात पाटणच्या पेठेतील मालावरच्या उत्पन्नाचा वाटा मठाला लावून दिला आहे.

कायद्याने मापाकडे लक्ष दिले ते फार उशिरा. वर्धा नदीपलीकडच्या वऱ्हाडात कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा १८९७ मध्ये झाला. देशभर एकच पद्धत लागू करणारा वजनमापांचा कायदा १९५६ चा. १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने आली. धान्य किलोवर गेले आणि शिगेला जागाच उरली नाही. मिश्र परिमाणांची लांबलचक प्रकरणेही त्याबरोबर आटली. मीटर आणि सेंटिमीटरची थोडी उदाहरणे तेवढी राहिली, आणि घनमीटरात शंभर घनसेंटिमीटर धरण्याची चूक मुले आजही करतात.

खंडी मात्र कापसात टिकली. रुईचे भाव आजही खंडीवर निघतात. ती ३५६ किलोंची, म्हणजे जुन्या ७८४ पौंडांचीच आहे.