गांधारीकाठचं पत्र

इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळरानावर 1854 साली जेम्स पेरॉट नावाच्या वाटाड्यानं क्रॅनमियर पूल या आडजागी एक बाटली ठेवली. चिखल तुडवत तिथवर पोचणाऱ्यानं तिच्यात आपल्या नावाची चिठ्ठी टाकायची. त्यातून पुढे एक खेळ उभा राहिला: पेटी लपवायची, खुणा द्यायच्या आणि शोधणाऱ्यानं चालत यायचं. कोकणातल्या महाडला अशी पेटी कुणी ठेवलेली नाही. पत्र मात्र आहे, आणि ते त्या बाटलीपेक्षा दीड हजारांहून अधिक वर्षांनी जुनं आहे. गांधारी नदीच्या बाजूनं चालत निघा. खुणा चार आहेत आणि प्रत्येक खूण तुम्हाला काळात मागे नेणार आहे.

पहिली खूण: चिखलाची रेघ

जुलै 2021. तुम्ही महाडच्या बाजारपेठेत उभे आहात. पूर ओसरतोय. पायांत घोटाभर गाळ आहे, दुकानांतून भिजलेल्या धान्याचा आंबूस वास येतोय आणि भिंतींवर तुमच्या डोक्याच्याही वर चिखलाची रेघ उमटली आहे. महाबळेश्वरला कोसळलेला पाऊस सावित्री पोलादपूरवरून खाली आणते, रायगडाच्या पायथ्याचं पाणी गांधारी आणते, आणि त्याच वेळी खाडीतून भरती वर चढली की पाण्याला जायला वाट उरत नाही. गाव मध्ये सापडतं.

ती रेघ नीट पाहून ठेवा. शतकानुशतकं टिकावं असं ज्याला काही ठेवायचंय, तो ते या रेघेखाली ठेवणार नाही. मान वर करा आणि डोंगराकडे पाहा.

दुसरी खूण: ओंजळ

20 मार्च 1927. डोक्यावर ऊन आहे आणि तुम्ही मिरवणुकीत आहात. पुढे-मागे हजारो माणसं आहेत. कोकणातल्या गावागावांतून पायी आलेली ही माणसं आता शिस्तीनं चवदार तळ्याकडे निघाली आहेत. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात 1923 साली मंजूर झाला. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं होतं, पण घोटभर पाणी कुणाला पिता आलं नव्हतं. आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर पायऱ्या उतरतात आणि ओंजळीत पाणी घेतात. मग तुमच्या शेजारचा म्हाताराही उतरतो. तुम्हीही उतरता.

लिहिलेला शब्द आपल्या पायांनी येत नाही, माणसांना त्याच्याकडे चालत जावं लागतं. ही दुसरी खूण मनात धरा आणि पुढे निघा.

तिसरी खूण: जासुदाचा प्रश्न

1674, ज्येष्ठाचे दिवस. पूल, डांबर, मोटारी काहीच नाही. रायगडावर राज्याभिषेकाची धामधूम आहे आणि नदीकाठच्या वाटेनं लादलेले बैल गडाकडे चालले आहेत. वळवाच्या सरीनं माती ओली झाली आहे. पोलादपूरकडून आलेला एक जासूद झाडाखाली क्षणभर टेकतो. त्याच्या कमरेला खलित्याची थैली आहे. तुम्ही त्याला समोरच्या कड्यातली काळी भोकं दाखवून विचारता.

"पांडवांचं काम त्ये," तो म्हणतो. "एका रातीत कोरलं म्हणत्यात. आत भिताडावर अक्षरं हायेत."

"काय लिहिलंय?"

"वाचणारं कोन ऱ्हायलंय, बाबा?"

तो उठतो, थैली चाचपतो आणि रायगडाच्या दिशेनं चालू लागतो. तुमची वाट कड्याकडे जाते.

चौथी खूण: आठ आणि दोन

आता पाले गावावरची चढण चढा. इसवी सनाचं दुसरं-तिसरं शतक. खाली खाडीच्या भरतीवर गलबतं वर सरकतायत. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथातलं पालैपटमै हे बंदर म्हणजे हेच पाले, असं काही अभ्यासक मानतात. किनाऱ्याचा माल इथून घाट चढून देशावर जातो आणि त्याच वाटेनं भिक्षू येतात. पावसाळ्यात त्यांना एका जागी राहायचं असतं. त्यांच्यासाठी हा कडा पोखरला जातोय.

छिन्नीचा आवाज येतोय, दगडाची पूड नाकात जातेय. भिंतीशी एक कारागीर ब्राह्मी अक्षरं कोरतोय. त्याच्यामागे उभा असलेला एक जण ओळ वाचून दाखवतो. भाषा प्राकृत आहे. सुरुवात 'सिद्धं' या मंगल शब्दानं होते. मग मजकूर येतो: कुमार कानभोज विष्णुपालित याचं हे लेणं. त्यात चैत्यगृह, आठ खोल्या आणि दोन्ही बाजूंना एकेक अशी पाण्याची दोन टाकी.

कुमारानं आपल्या लढायांचा डंका पिटलेला नाही. राहायला किती खोल्या आणि प्यायला पाणी कुठे, हे त्यानं सांगितलं. म्हणून हे पत्र शोधणाऱ्याला शेवटची खूण पत्रातच मिळते: आठ आणि दोन. मोजा आणि ताडून पाहा.

आता काळ झरझर पुढे जातो. भिक्षू निघून जातात, लिपी विसरली जाते, लेण्यांना पांडवांचं नाव चिकटतं. 1837 च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप ब्राह्मी लिपी उलगडतो. पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस पश्चिम भारतातल्या लेण्यांमधले लेख वाचून 1881 साली पुस्तकरूपानं छापतात आणि महाडचे लेखही त्यात येतात. जासुदाला वाचणारा सापडला नव्हता. त्याच्यानंतर दोनशे वर्षांनी पत्र पोचलं.

तुम्ही आजच्या दिवसात परत आला आहात. खाली मुंबई-गोवा महामार्गावरून गाड्या धावतायत. त्यांतले बहुतेक जण मान वर न करता पुढे जातात. तुम्ही थांबा. इथली, म्हणजे गांधारपाल्याची तिसेक लेणी पाहायला सकाळचा वेळ पुरतो. चढताना पाणी जवळ ठेवा, पावसाळ्यात पायऱ्यांवर जपून पाऊल टाका. अक्षरं स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांवर खडू फिरवू नका, नाणं घासू नका. डार्टमूरच्या बाटलीत आपलं नाव टाकून यायचं असायचं. इथे मात्र भिंतीवर नाव लिहाल तर दुसऱ्याचं पत्र खोडाल. मुलांना सोबत न्या, त्यांना खोल्या मोजू द्या, टाकी शोधू द्या आणि कुमाराचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवा.