मॉरिशससाठी वाटाड्या निवडताना

मॉरिशसला जाण्यापूर्वी कोणती प्रवास-मार्गदर्शिका घ्यावी, असे एका सहकाऱ्याने मध्यंतरी विचारले. प्रश्न वरकरणी खरेदीचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासलेखनाचा आहे. जव्हार-जामसरकडच्या माणसाला हे लवकर उमगते, कारण तो स्वतःच मार्गदर्शिकेचा विषय झालेला आहे. पर्यटन-पुस्तिकांतले जव्हार म्हणजे ‘मिनी महाबळेश्वर’: जयविलास राजवाडा, दाभोसा धबधबा, हनुमान पॉइंट. हा राजवाडा ज्यांचा, ते मुकणे घराणे महादेव कोळी होते, हे बहुधा सांगायचे राहते. वारली भेटतात ते चित्रातून किंवा तारपा वाजविताना. पावसाळा सरला की वीटभट्ट्यांच्या वाटेला लागणारी कुटुंबे मात्र त्या पानांवर नसतात.

या वाङ्मयप्रकाराची परंपरा पाहिली तर याचे नवल वाटत नाही. आपली स्थलमाहात्म्ये यात्रेकरूसाठी होती. मद्रास व मुंबई इलाख्यांसाठी १८५९ साली लंडनच्या मरे प्रकाशनसंस्थेने काढलेले हँडबुक इंग्रज प्रवाशासाठी होते. दोहोंतही स्थानिक माणूस हा वाचक नव्हे; फार तर वर्णनाचा विषय. आजच्या रंगीत मार्गदर्शिकांनी हा वारसा पुरता टाकलेला नाही.

मॉरिशसच्या बाबतीत ही उणीव अधिक गंभीर ठरते, कारण त्या बेटाला मूळ रहिवासीच नव्हते. १५९८ मध्ये डच उतरले, १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला, १८१० मध्ये इंग्रजांनी. आफ्रिका व मादागास्करहून गुलाम आणले गेले. गुलामगिरी संपत असतानाच, १८३४ पासून, उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर येऊ लागले. १९२० पर्यंत अशा सुमारे पाच लाख माणसांची नोंद सांगितली जाते. मुंबई बंदरातून गेलेली कोकणची मराठी माणसे त्यांतलीच. म्हणजे तिथली ‘विविधता’ ही निसर्गाची देणगी नसून सक्तीच्या आणि पोटासाठीच्या स्थलांतरांचा साठा आहे. जी मार्गदर्शिका त्या विविधतेला केवळ रंगीबेरंगी म्हणते, ती तिचे मोल दडविते.

तेव्हा निवडीच्या तीन कसोट्या सुचवाव्याशा वाटतात. पहिली, सुट्ट्यांचे पान. महाशिवरात्री, कावडी, ईद, चिनी वसंतोत्सव, नाताळ आणि गणेशचतुर्थी या साऱ्यांना तिथे सार्वजनिक सुट्टी असते. परंतु १ फेब्रुवारी हा गुलामगिरीच्या अंताचा आणि २ नोव्हेंबर हा करारबद्ध मजुरांच्या आगमनाचा दिवस का पाळतात, हे पुस्तक सांगते काय? दुसरी, स्थळांचे वर्णन. ल मॉर्न हा केवळ समुद्रकाठचा देखणा डोंगर आहे, की पळालेल्या गुलामांचा आश्रय म्हणून २००८ मध्ये जागतिक वारसा ठरलेले स्थळ? पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ मध्ये त्याच यादीत आला. त्याला किती ओळी मिळाल्या आहेत?

तिसरी कसोटी आपल्या जिव्हाळ्याची. सूचीत ‘मराठी’ हा शब्द शोधावा. १९६८ च्या संविधानाने निवडणुकीपुरते समाजाचे चार वर्ग केले: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि उरलेले सारे ‘सामान्य लोकसंख्या’. मराठी माणूस पहिल्या वर्गात मोडतो. घरात बहुधा क्रिओल बोलतो, तरी शाळेत मराठी शिकविली जाते आणि गणपती बसतो. लहानशा समाजाचे हे दुहेरी जगणे ज्या पुस्तकाच्या नजरेतून सुटत नाही, ते इतरांविषयीही सावध असण्याचा संभव अधिक.

सहकाऱ्याला मी कोणत्याही पुस्तकाचे नाव सुचविले नाही. दुकानात उभ्याउभ्या ही तीन पाने उघडून पाहा, एवढेच सांगितले. हॉटेलांची माहिती दोन वर्षांत जुनी होते. माणसे कोठून आणि का आली, ही माहिती होत नाही. जव्हारविषयीची पुस्तिका पुढे कोणी लिहिणार असेल, तर वीटभट्टीकडे निघणाऱ्या त्या कुटुंबांना तीत एक परिच्छेद मिळावा, अशी अपेक्षा ठेवण्याचा अधिकार आपल्याला यातूनच मिळतो.