शाळेतला नाच आणि डीजेची बिदागी

शाळेच्या नृत्यसमारंभासाठी वाद्यवृंद बोलवावा की तबकड्या वाजवणारा एकच माणूस? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील शाळाशाळांतून या प्रश्नाचा निकाल बहुतेकदा पैशांच्या हिशेबावर लागला. हा निकाल दिसतो तितका स्वस्त मात्र नव्हता.

वाद्यवृंद म्हणजे आठ-दहा वादक, प्रत्येकाची मजुरी वेगळी. याउलट तबकडीवाला एकटा येई. सोबत एक पेटी आणि एक यंत्र. शाळेची व्यायामशाळा फुकट मिळे. तिथल्या गुळगुळीत लाकडी जमिनीवर ओरखडे उठू नयेत म्हणून मुलांना बूट काढून पायमोज्यांवर नाचावे लागे. त्यावरून या समारंभांना ‘सॉक हॉप’ हे नाव पडले. गुणवत्तेचे पारडेही वादकांकडे झुकत नव्हते, हे विशेष. १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची, सात इंची, स्वस्त तबकडी बाजारात आणली. नभोवाणीवर ऐकलेले गाणे मुलांना त्याच गायकाच्या आवाजात हवे असे. गावातला वाद्यवृंद कितीही कसलेला असला, तरी त्याच्याकडून मिळे ती नक्कलच.

‘डिस्क जॉकी’ हे अशा माणसाचे नाव. ‘डीजे’ हे त्याचेच लघुरूप. (महाराष्ट्रात आज ‘डीजे’ म्हटले की ध्वनिवर्धकांची भिंत डोळ्यांपुढे उभी राहते, माणूस नव्हे. शब्दाचा हा प्रवासही गमतीदार आहे.)

मग वाचलेला पैसा गेला कोणाच्या खिशातून? सर्वप्रथम वादकांच्या. त्यांच्या संघटनेचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांनी हे संकट आधीच ओळखले होते. तबकडी एकदा मुद्रित झाली की ती हजारो ठिकाणी वाजते आणि तितक्या ठिकाणचे वादक घरी बसतात, असा त्यांचा रोकडा युक्तिवाद होता. १ ऑगस्ट १९४२ पासून संघटनेने ध्वनिमुद्रणावरच बहिष्कार टाकला. मोठ्या कंपन्यांपैकी डेक्का १९४३ मध्ये नमली, कोलंबिया आणि आरसीए व्हिक्टर १९४४ च्या नोव्हेंबरात. १९४८ मध्ये पुन्हा एकदा बहिष्कार झाला आणि त्यातून एक स्वतंत्र निधी उभा राहिला. तबकड्यांच्या विक्रीतला वाटा या निधीत जमा होई आणि त्यातून वादकांना मजुरी देऊन जनतेसाठी विनामूल्य कार्यक्रम केले जात. तबकडीने हिरावलेले काम तबकडीच्याच पैशातून अंशतः परत करण्याची ही युक्ती कामगार चळवळीच्या इतिहासात अधिक गाजायला हवी होती.

दुसरा खिसा होता गायकांचा. १९५० च्या दशकात नभोवाणीवरचे नामांकित डीजे अशा नाचांचे यजमान होऊ लागले. त्यांच्या शब्दाखातर गायक फुकट हजेरी लावत आणि आपल्याच तबकडीवर नुसते ओठ हलवत. मोबदला एवढाच, की पुढल्या आठवड्यात ते गाणे नभोवाणीवर वाजेल. मुलांना स्वस्तात तारा दिसे, डीजेला प्रवेशशुल्क मिळे. गायकाच्या हाती काहीच पडत नसे. गाणे वाजवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या लाचेला ‘पेओला’ म्हणत. १९५९-६० मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीने तिची चौकशी केली, तेव्हा या नाचांचाही विषय निघाला. ॲलन फ्रीडसारख्या लोकप्रिय डीजेची कारकीर्द त्या प्रकरणात बुडाली.

हाच हिशेब १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये सिंडी कॅम्पबेल या मुलीने मांडला. यावेळी नाच शाळेत नव्हता, शाळेसाठी होता. शाळा उघडण्यापूर्वी तिला नवे कपडे हवे होते. १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीतली करमणुकीची खोली तिने २५ डॉलर भाड्याने घेतली. प्रवेश मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. म्हणजे मुलामुलींच्या निदान ३४ जोड्या आल्या, तरच नुसते भाडे सुटणार. अशा गणितात डीजेची बिदागी बसणे शक्यच नव्हते. म्हणून तिने थोरल्या भावाला उभे केले. हा अठरा वर्षांचा क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क.

मात्र घरचा डीजे म्हणजे कामचलाऊ डीजे, असे झाले नाही. वडील एका वाद्यवृंदासाठी ध्वनियंत्रणा सांभाळत, त्यामुळे शुअर कंपनीची दणकट यंत्रणा घरातच होती. तिच्या जोडण्या बदलून अधिक आवाज काढण्याची क्लृप्ती क्लाइव्हला साधली होती. कान तर त्याहून तयार. ११ ऑगस्टच्या त्या रात्री त्याने आधी जन्मभूमी जमैकाच्या तबकड्या लावल्या, गर्दी हलेना. तेव्हा आपली आवड बाजूला सारून तो सोल आणि फंककडे वळला आणि खोली पेटली.

पुढे गाण्यातला नुसता तालाचा तुकडा नाचणाऱ्यांना सर्वाधिक भावतो, हे हेरून त्याने दोन तबकड्यांच्या साहाय्याने तो तुकडा लांबवत नेला. हिप-हॉपचा पाया त्यात घातला गेला. ती खोली लवकरच अपुरी पडली. मेळावे जवळच्या सीडर पार्कमध्ये भरू लागले. तिथे प्रवेश फुकट होता आणि ध्वनियंत्रणेची वीज रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांतून घेतली जाई.