तळटीप १४ : ‘ड्राफ्टच्या दिवशीची हुर्यो’
१४. अमेरिकन फुटबॉलच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये महाविद्यालयीन खेळाडूंची दरवर्षी जी क्रमवार निवड होते, तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. १९३६ पासून चालत आलेल्या या पद्धतीत लिलावासारखी बोली नसते, तर आधीच्या हंगामात तळाशी राहिलेल्या संघाला निवडीचा पहिला मान मिळतो. येथे अभिप्रेत असलेला प्रसंग १७ एप्रिल १९९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये घडला. फिलाडेल्फिया ईगल्सने दुसऱ्या क्रमांकावर डोनोव्हन मॅक्नॅब या क्वार्टरबॅकची, म्हणजे चढाईची सूत्रे हाती घेऊन चेंडू फेकणाऱ्या खेळाडूची, निवड करताच, चेंडू घेऊन धावणारा रिकी विल्यम्स हवा असलेल्या त्याच संघाच्या चाहत्यांनी भर सभागृहात मॅक्नॅबची हुर्यो उडवली. या चाहत्यांना अडाणी ठरवणे अन्यायाचे होईल, कारण महाविद्यालयीन खेळाडूला मिळणारा सर्वांत मानाचा हाइझमन करंडक विल्यम्सने नुकताच पटकावला होता. मात्र पुढे मॅक्नॅबनेच २००१ ते २००४ या सलग चार हंगामांत संघाला उपांत्य फेरी गाठून दिली, त्यांपैकी अखेरच्या हंगामात सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत नेले, आणि २०१३ मध्ये ईगल्सने त्याचा ५ हा क्रमांक सन्मानपूर्वक निवृत्त केला.