रोड सायकलचा व्हीलसेट

रोड सायकलचा व्हीलसेट म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगाने चालविण्यासाठी बनविलेल्या सायकलीच्या पुढील व मागील चाकांची जोडी होय. प्रत्येक चाकात मध्यभागी हब, बाहेर धातूची किंवा कार्बन तंतूंची रिम आणि या दोहोंना जोडणाऱ्या ताणलेल्या तारा (स्पोक) असतात. तारेचे रिमकडील टोक निपल नावाच्या छोट्या नटाने आवळलेले असते. बाजारात एकाच किमतीचे आणि जवळजवळ सारख्याच वजनाचे अनेक व्हीलसेट मिळतात. मध्यम वजनाच्या स्वाराला त्यांतील फरक फारसा जाणवत नाही. वजनदार स्वाराच्या बाबतीत मात्र तारांची संख्या, त्यांचा ताण, चाकाची बांधणी आणि टायरची रुंदी यांवर चाकाचे आयुष्य व स्वाराची सुरक्षितता अवलंबून असते. प्रस्तुत लेखात साधारणतः ९० किलोग्रॅमहून अधिक वजनाचा स्वार अभिप्रेत आहे.

इतिहास

बैलगाडीच्या चाकात तुंब्यापासून निघणारे लाकडी आरे दाबाखाली काम करतात. गाडीचा भार खालच्या आऱ्यांवर उभा असतो. सायकलीची तार इतकी बारीक असते, की असा दाब पडताच ती वाकेल. म्हणून ती आधीच ताणून ठेवावी लागते. ताणलेल्या तारांच्या चाकाची कल्पना इंग्लंडमधील जॉर्ज केली यांनी १८०८ मध्ये उडत्या यंत्राचा विचार करताना मांडली होती. पॅरिसमधील यूजीन मेयर यांनी १८६९ मध्ये सायकलीसाठी तारांच्या चाकाचे पेटंट घेतले. जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये तारा हबला स्पर्शरेषेत जोडण्याची पद्धत आणली. या पद्धतीत तारा एकमेकींना छेदून जातात आणि हबवरील पिळाचा जोर रिमपर्यंत पोहोचवू शकतात. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांचा हवा भरलेला टायर आला. आजच्या चाकाची मूळ रचना त्यानंतर फारशी बदललेली नाही.

भारतात दूधवाले, वर्तमानपत्रवाले आणि शेतकरी यांनी वर्षानुवर्षे वापरलेल्या काळ्या उभ्या सायकलींत ब्रिटिश पद्धतीनुसार पुढे ३२ व मागे ४० तारा असत. मागील चाकावर अधिक भार येतो, हे त्या रचनेत गृहीत धरलेले होते. आधुनिक रोड सायकलीत वजन व हवेचा विरोध कमी करण्यासाठी हीच संख्या पुढे १६ ते २४ व मागे २० ते २८ पर्यंत उतरली आहे.

भार पेलण्याची प्रक्रिया

स्वार बसल्यावर चाकाच्या तळाशी असलेल्या मोजक्या तारांचा ताण कमी होतो. उरलेल्या तारांचा ताण अगदी थोडा वाढतो. जॉब्स्ट ब्रँट यांच्या १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात या प्रक्रियेचे सविस्तर विवेचन आहे. चाक फिरताना प्रत्येक तार दर फेरीला एकदा सैल होते व पुन्हा ताणली जाते. २५ मिमी टायर असलेल्या चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर असतो. त्यामुळे १०,००० किलोमीटरच्या प्रवासात प्रत्येक तार सुमारे ४७ लाख वेळा या चक्रातून जाते.

तार तुटण्याचे नेहमीचे कारण एखादा मोठा धक्का हे नसून या चक्रांमुळे धातूला येणारा थकवा हे असते. स्वाराचे वजन जितके अधिक, तितका प्रत्येक फेरीतील ताणाचा चढउतार मोठा. मूळ ताण अपुरा असल्यास तळाची तार पूर्ण सैल पडते, निपल हळूहळू उलटे फिरू लागते आणि हबजवळच्या वाकलेल्या भागात तार हलत राहते. बहुतेक तारा याच ठिकाणी तुटतात.

मागील चाकाची अडचण

सामान्य बैठकीत एकूण भारापैकी सुमारे ५५ ते ६० टक्के भार मागील चाकावर येतो. त्यातच उजव्या बाजूला गिअरची दातेरी चक्रे बसविण्यासाठी हबची उजवी कड आत सरकवावी लागते. परिणामी उजव्या तारा जवळजवळ उभ्या राहतात आणि त्यांना अधिक ताण द्यावा लागतो. उजवीकडे १,००० ते १,२०० न्यूटन ताण असताना डावीकडे साधारण त्याच्या निम्माच राहतो. म्हणून वजनदार स्वाराच्या सायकलीत तारा सैल पडण्याच्या व तुटण्याच्या तक्रारी बहुधा मागील चाकापासून सुरू होतात.

निवडीचे घटक

तारांची संख्या व जाडी. तारा अधिक असल्यास प्रत्येकीच्या वाट्याला येणारा चढउतार कमी होतो. २० तारांच्या चाकातील एक तार तुटली, तर रिम इतकी तिरकी होऊ शकते, की ती ब्रेकला किंवा फ्रेमला घासून चाक अडते. ३२ तारांच्या चाकावर मात्र बहुधा सावकाश घरी पोहोचता येते. जाड तार नेहमीच अधिक टिकते, हा समज बरोबर नाही. टोकांना २.० मिमी आणि मध्ये १.८ मिमी असलेली तार सरळ २.० मिमी तारेपेक्षा थोडी अधिक लवचीक असते. ती तळाशी येताना पूर्ण सैल पडत नाही आणि थकव्याचा बराचसा भाग वाकलेल्या टोकाऐवजी मधल्या भागात वाटला जातो.

रिम. उंच काटछेदाची रिम उभ्या दिशेने अधिक ताठ असते व भार अधिक तारांत वाटते. अशा रिमला कमी तारा पुरू शकतात. उथळ व हलक्या रिमला पुरत नाहीत. त्यामुळे तारांची संख्या रिमच्या रचनेसह पाहावी लागते.

ब्रेक. उतारावर स्वाराची ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता बनून बाहेर पडते. सायकलीसह ११० किलोग्रॅम वजन ६०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे ६४७ किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. ७५ किलोग्रॅमसाठी हाच आकडा ४४१ आहे. यातील काही भाग हवेच्या विरोधात खर्च होतो, परंतु वळणावळणाच्या घाटात बराचसा ब्रेकवरच येतो. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे येताना उतार हजार मीटरहून अधिक आहे. अशा ठिकाणी रिमवर दाबणारे ब्रेक आणि कार्बन रिम हा जोड वजनदार स्वारासाठी धोक्याचा ठरू शकतो, कारण अति उष्णतेने कार्बनमधील राळ मऊ पडते. अॅल्युमिनियम रिम किंवा डिस्क ब्रेक अधिक सुरक्षित असतात. डिस्क ब्रेकच्या चाकात ब्रेकचा पिळ तारांवाटे रिमपर्यंत जात असल्याने पुढील चाकाच्या ताराही एकमेकींना छेदणाऱ्या असाव्या लागतात.

टायरची रुंदी. टायरमधील हवेचे आकारमान रुंदीच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढते. २५ मिमीऐवजी ३२ मिमी टायर घेतल्यास हवा सुमारे ६४ टक्के अधिक मावते, कमी दाबात तोच भार पेलला जातो आणि खड्ड्यात रिमला बसणारा मार सौम्य होतो. रुंद टायरसाठी रिमची आतील रुंदी १९ मिमी किंवा अधिक असणे सोयीचे असते. कडेला आकडा नसलेल्या, म्हणजे हुकलेस, रिममध्ये कमाल दाब ५ बार (सुमारे ७२ पीएसआय) असतो. वजनदार स्वाराला २८ मिमी टायरमध्ये याहून अधिक दाब लागू शकतो. त्याने अशी रिम घेतल्यास टायर अधिक रुंद घ्यावा लागतो.

निपल. पितळी निपल अॅल्युमिनियमच्या निपलपेक्षा जड असले, तरी अधिक टिकतात. कोकण किनाऱ्यासारख्या खाऱ्या, दमट हवेत हा फरक लवकर दिसून येतो.

उत्पादकांची वजनमर्यादा

वजनमर्यादेचे आकडे तुलना करताना फसवे ठरू शकतात, कारण ते एकाच गोष्टीविषयी नसतात. माविक या फ्रेंच कंपनीच्या अनेक रोड चाकांसाठी दिलेली १२० किलोग्रॅमची मर्यादा सायकलसह एकूण वजनाची आहे. काम्पान्योलो या इटालियन कंपनीच्या सूचनापुस्तिकांत आढळणारी १०९ किलोग्रॅमची मर्यादा केवळ स्वाराच्या वजनाची आहे. १०८ किलोग्रॅमचा स्वार, ९ किलोग्रॅमची सायकल आणि ४ किलोग्रॅम पाणी, अवजारे व सामान धरल्यास एकूण वजन १२१ होते. म्हणजेच हा स्वार वरवर लहान दिसणाऱ्या मर्यादेत बसतो आणि मोठ्या दिसणाऱ्या मर्यादेबाहेर जातो. मर्यादा ओलांडल्यास हमी नाकारली जाऊ शकते, म्हणून खरेदीपूर्वी पुस्तिकेतील नेमकी शब्दयोजना वाचणे आवश्यक असते.

उदाहरण : दोन सारखे व्हीलसेट

काम्पान्योलोचा झोंडा आणि तिच्याच भगिनी-कंपनीचा फुलक्रम रेसिंग ३ हे रिम ब्रेकचे व्हीलसेट नेहमी एकमेकांशी ताडून पाहिले जातात. दोन्ही अॅल्युमिनियमचे, सुमारे साडेपंधराशे ग्रॅम वजनाचे असून दोहोंत पुढे १६ व मागे २१ तारा असतात. झोंडामध्ये मागील तारा तिनाच्या गटांत बांधलेल्या असतात, तर रेसिंग ३ मध्ये त्या समान अंतरावर असतात. परंतु दोन्हींत उजवीकडे १४ व डावीकडे ७ हीच विभागणी आहे. डाव्या तारांची संख्या निम्मी केल्याने त्यांतील प्रत्येकीचा ताण वाढतो आणि त्या सैल पडत नाहीत. या दोहोंतील निवड वजनदार स्वारासाठी मुख्यतः रूप, किंमत व सुट्या भागांची उपलब्धता यांवर ठरते.

त्याच्यासाठी खरी तुलना या दोहोंपैकी कोणताही एक आणि हाताने बांधलेला ३२ तारांचा व्हीलसेट यांत आहे. दुसऱ्याचे वजन अठराशे ते एकोणीसशे ग्रॅम भरते. सायकलसह ११५ किलोग्रॅम एकूण वजनात ३०० ग्रॅमची वाढ म्हणजे सुमारे ०.२६ टक्के. एक तास चालणाऱ्या चढावर हा फरक नऊ-दहा सेकंदांचा असतो. त्या बदल्यात अधिक तारा, सर्वत्र मिळणारे सुटे भाग आणि तार तुटल्यावरही परतता येण्याची शक्यता पदरात पडते. मर्यादेच्या जवळ वजन असलेल्या, खराब रस्त्यांवर किंवा ब्रेव्हेसारख्या लांब पल्ल्याच्या प्रवासाला जाणाऱ्या स्वारासाठी दुसरा पर्याय सामान्यतः योग्य मानला जातो.

बांधणी व देखभाल

एकाच भागांपासून बनविलेली दोन चाके बांधणीतील फरकामुळे कमी-अधिक टिकतात. उत्तम चाकात एका बाजूच्या सर्व तारांचा ताण जवळजवळ समान असतो. तो टेन्शनमीटरने मोजता येतो. बांधणीनंतर तारा जोडीजोडीने हाताने जोरात दाबल्यास वाकलेल्या भागातील अंतर्गत ताण कमी होतो. कारखान्यात बनलेला व्हीलसेटही पहिल्या काही शे किलोमीटरनंतर कारागिराकडून तपासून घेणे आणि रिम डगमगत असल्यास ती सरळ करणे, म्हणजेच बोलीभाषेत ‘आऊट काढणे’, वजनदार स्वारासाठी विशेष महत्त्वाचे असते. तारा वाजवून पाहिल्यास सैल तारेचा स्वर शेजारच्या तारांपेक्षा खाली येतो. एकाच चाकातील तारा पुन्हा पुन्हा तुटत असतील, तर एकेक तार बदलत राहण्याऐवजी सर्व तारा नव्या घालून चाक पुन्हा बांधणे इष्ट ठरते, कारण उरलेल्या तारांनाही तितकाच थकवा आलेला असतो. रिमला निपलच्या छिद्रापाशी तडा दिसल्यास मात्र ते चाक वापरू नये.