बालबोध कोणासाठी?

1806 साली तंजावरला सरफोजीराजांच्या 'नवविद्याकलानिधी' छापखान्यातून एक मराठी पुस्तक निघालं, 'बालबोधमुक्तावली'. इसापाच्या गोष्टींचं भाषांतर. मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्र्यांचा इसाप आला 1828 मध्ये. तोवर कावेरीकाठच्या या पुस्तकाला बावीस वर्षं होऊन गेली होती.

नावातला 'बाल' आपण लगेच लहान मुलाला चिकटवतो. संस्कृत शास्त्रग्रंथांच्या टीकाकारांनी मात्र तो वेगळा समजावला आहे. बाल म्हणजे तान्हं मूल नव्हे. समज असलेला, पण समोरचं शास्त्र अजून न शिकलेला माणूस. या हिशेबाने साठी उलटलेला माणूसही बालच.

मोठ्यांना शिकवताना गोष्ट हाताशी घेणं या मुलखाला नवं नव्हतं. तिरुवैयारुच्या उत्तरेला, कोल्लिडम नदीपलीकडे, एलाकुरिची आहे. अठराव्या शतकात तिथे राहिलेल्या बेस्की या इटालियन पाद्र्याने परमार्थ गुरू आणि त्याच्या बावळट शिष्यांची तमिळ गोष्ट लिहिली, ती तमिळ शिकणाऱ्या मिशनऱ्यांसाठी. पांडित्य दाखवायला त्याच्याकडे 'तेंबावणी' हे महाकाव्य होतं. शिकणाऱ्यांच्या हाती त्याने हसवणारं पुस्तक दिलं. सरफोजींनी तर 'देवेंद्र कुरवंजी'त जगाचा भूगोल भविष्य सांगणाऱ्या बाईच्या तोंडी, गाण्यांतून घातला. लोकांना आधीच आवडणाऱ्या नाट्यप्रकारात!

आपल्या साक्षरतेच्या पुस्तकांत मला हीच गंमत कमी दिसते. मोठ्या माणसाला अक्षर द्यायचं म्हटलं की सोबत बचत करा, हात धुवा हा उपदेश येतोच. जणू तो आजवर हात न धुताच जगला.

तिरुवैयारुच्या एका मामींबरोबर मी सध्या मराठी वाचते. घरात तंजावरी मराठी, लिहिणं-वाचणं सगळं तमिळ. देवनागरी आता सत्तरीत शिकताहेत. पुण्याहून कुणी आणून दिलेलं पहिलीचं पुस्तक चौथ्या पानावर थांबलेलं होतं. कमळ, बदक यांत त्यांना काय रस असणार? कावळा-कोल्ह्याची गोष्ट काढली तेव्हा मात्र गाडी चालू लागली. ती त्यांना तमिळमधून पाठ आहे. पुढचा शब्द आधी मनात येतो, मग डोळा अक्षरं ताडून पाहतो. 'कोल्हा'मधलं जोडाक्षर त्यांनी असंच ओलांडलं. अडल्या त्या 'पनीर'पाशी. तमिळ गोष्टीतला कावळा म्हातारीचा वडा पळवतो. हे खोडून वडा लिही, म्हणाल्या. मी पेन्सिलीने लिहिलं, आणि त्या पुढच्या ओळीला लागल्या.